‘किलोभर घ्या, स्वस्त पडेल’ यास खुले पत्र

प्रति,
‘किलोभर घ्या, स्वस्त पडेल’ यास,
मु. पो. भाजीची गाडी, मॉलचं शेल्फ आणि मोबाइलमधलं किराणा ॲप

तुला अहो-जाहो करण्याइतका आदर माझ्याकडे नाही, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. तू चोर आहेस. खिशातून पैसे काढतोस आणि वर माणसाला बचत झाल्याचं समाधान देऊन घरी पाठवतोस.

तू कोणाला गाठतोस, तेही मला ठाऊक आहे. वराळे, आंबी, तळेगाव स्टेशन या पट्ट्यात एकेका खोलीत एकटी राहणारी कितीतरी माणसं आहेत. एमआयडीसीत शिफ्ट करणारा पोरगा, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मुलं बाहेरगावी गेलेली आजी. पावशेर टोमॅटो मागताना यांचा आवाज खाली जातो आणि तू तिथेच दबा धरून असतोस. ‘पावशेर १५, किलो ४०. किलोच घ्या की!’ मागे उभी असलेली माणसं बघत असतात. मग लाजेकाजेने किलो घेतलं जातं.

आता हिशेब ऐक. त्या किलोतले ४०० ग्रॅम खाल्ले आणि बाकीचे पिशवीत पाणी सुटून गेले, तर पोटात गेलेला टोमॅटो १०० रुपये किलोने पडला. दोनदा पावशेर घेतला असता तर ३० रुपयांत भागलं असतं. भाव खाल्लेल्या वजनावर धरायचा असतो, हे तू जन्मात कुणाला सांगितलेलं नाहीस. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात अंदाज दिला आहे की भारतातल्या घरांत साली-देठांसकट माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. त्यात तुझा वाटा किती, ते तूच सांग.

मावळात येऊन तू इंद्रायणीलाही सोडलं नाहीस. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला हा सुवासिक, चिकट तांदूळ. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की तू २५ किलोचा कट्टा पुढे सरकवतोस. रोज १०० ग्रॅम शिजवणाऱ्याला तो आठ महिने पुरतो, म्हणजे कट्ट्याचा तळ दिसायला मावळातला आषाढ उजाडतो. त्या ओल्या हवेत पोरकिड्यांची चंगळ होते आणि उरलेला तांदूळ निवडत बसावं लागतं. कट्टा शेतकऱ्याकडून जरूर घ्यावा, पण शेजारपाजारच्या चौघांनी मिळून. एकट्याच्या वाट्याला सहा किलो आले तरी रग्गड.

यावर तुझं ठरलेलं उत्तर असतं, ‘फ्रीजरमध्ये टाका!’ फ्रीजर मला प्रिय आहे, म्हणूनच त्याचं नाव तुझ्या तोंडी शोभत नाही. तुझं टाकणं म्हणजे किलोभर चिकन पिशवीसकट कोंबणं. त्याचा दगड होतो, मूठभर हवं असलं तरी सगळं वितळवावं लागतं, आणि ओट्यावर वितळलेलं कच्चं चिकन पुन्हा गोठवायचं नसतं. थंडीने जंतू मरत नाहीत, थांबतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढायला लागतात.

वाटे आधी पाडायचे, मग गोठवायचं. पाव किलो छोले भिजवून उकडले की सहाशे ग्रॅमच्या आसपास होतात, एकट्याचं चार वेळचं जेवण. उकडल्यापासून दोन तासांच्या आत ते निववून एकेका जेवणापुरते पिशव्यांत भरायचे, हवा काढायची, तारखेची चिठ्ठी लावायची आणि पिशव्या आडव्या, सपाट ठेवायच्या. पातळ थर लवकर गोठतो, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि दाण्याचा लगदा होत नाही. एक अख्खा नारळ एकट्याला संपत नाही, तो खवून वाटीवाटीने ठेवावा. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की दोन तुकड्यांत एका माणसाचा रस्सा होतो. कामावरून रात्री उशिरा आलेल्या माणसाला हे दोन तुकडे हॉटेलपासून वाचवतात, आणि खरी बचत तिथे होते.

थंडीतल्या मटारच्या बाबतीत मात्र तुझं म्हणणं खरं आहे, ते मी मान्य करते. हंगामात किलोने घ्यावेत, सोलून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून फ्रीजरमध्ये. पण म्हणून काकडी, दही आणि रश्श्यातला बटाटा तिथे ढकलायला सांगू नकोस. काकडी मऊ पडते, दही फाटतं, बटाटा रवाळ होतो.

शिवाय भाड्याच्या खोलीत बहुधा एका दाराचा फ्रीज असतो. त्याचा वरचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत पोचतोच असं नाही. तिथलं दोन-तीन आठवड्यांत संपवावं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आत काय झालं हे कळायला सोपा उपाय आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं. गावाहून परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग चिकन-मटण टाकून द्यायचं. तू ते खायला लावशील, स्वस्त पडलं होतं म्हणून!

२०२१ साली वजनमापाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दर छापणं आलं. मी आता लहान-मोठी पाकिटं शेजारी धरून तो बारीक अक्षरातला दर वाचते. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त नसतं, आणि तिथे तू रंगेहाथ सापडतोस. सुट्या भाजीला असा छापील दर नाही, म्हणून गाडीवर तुझं फावतं.

तेव्हा एकच मागणी आहे. उद्या संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तो पोरगा गाडीपाशी येईल आणि पावशेर मागेल. त्याच्या कानाशी लागू नकोस. त्याला पावशेरच मिळू दे, नीट मापून.

वराळ्यातली एक एकटी राहणारी ग्राहक