उष्टी हळद आणि पंख्याचा रिले

खान्देशातील मोटारप्रवासाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने जळगाव ते धुळे हा सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता नमुना म्हणून घ्यावा, महिना मे घ्यावा आणि मोटारीत लग्नाला निघालेले वरपक्षाचे सहा जण बसवावेत. कारण घरच्या घरी ओळखता व दुरुस्त करता येण्याजोगे बरेचसे बिघाड या एका प्रवासात ओळीने भेटतात, आणि त्यांवर उपाय सांगणारी माणसे तर बिघाडाच्याही आधी येऊन उभी असतात. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. क्रमांक बदलला तरी पारा बदललेला नाही. मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास ठाण मांडून असतो, आणि जे ऊन माणसाला सोसत नाही ते बॅटरीला, टायरला व रबरी नळ्यांनाही सोसत नाही, एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रवास समजण्यास सोपा जातो.

पहिला टप्पा अंगणातच पार पडतो, कारण मोटार सुरू होत नाही. किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, ‘टक्’ एवढेच बोलून गप्प बसते आणि घरातील वडीलधारी मंडळी तत्काळ धक्का मारण्याचा हुकूम सोडतात. धक्क्याने गाडी सुरू होते यात खोटे काही नाही; गिअर टाकलेला असला की फिरणारी चाके इंजिनाला फिरवतात. मात्र ही सोय हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांपुरतीच असून ऑटोमॅटिक गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली तरी घामाखेरीज काही निष्पन्न होत नाही. त्याआधी करावयाची परीक्षा अगदी साधी आहे : हेडलाइट लावून पाहावेत, ते मिणमिणत असतील तर बॅटरी उतरली आहे, आणि ते लख्ख असूनही सेल्फ फिरत नसेल तर दोष बहुधा टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडण्याच्या शिशाच्या खुंट्यांवर, असतो. तेथे साचलेली पांढरट-हिरवट भुकटी दिव्यापुरती वीज जाऊ देते, पण सेल्फला लागणारा मोठा प्रवाह अडवून धरते. अशा वेळी दहाचा पाना घेऊन आधी ऋण तार सोडावी, कारण धन तार आधी सोडताना पाना पत्र्याला टेकला तर वरातीपूर्वीच आतषबाजी होते. मग कढत पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ते पाणी खुंट्यांवर ओतावे, फेस येऊन गेला की कोरडे पुसावे, या वेळी धन तार आधी व ऋण तार शेवटी आवळावी आणि वरून व्हॅसलीनचे बोट फिरवावे. लग्नघरात भज्यांसाठी सोडा असतोच. तो मोटारीला हवा आहे हे आचाऱ्याला पटवण्यातच अधिक वेळ जातो.

गिरणेवरचा पूल, बांभोरीचे विद्यापीठ आणि पाळधी मागे पडली की दोन्ही बाजूंस काळी जमीन दिसू लागते. ही जमीन कापसाला जितकी मानवते तितकी जॅकला मानवत नाही, हे ज्ञान एरंडोलच्या अलीकडे मागचे चाक बसल्यावर होते. स्टेपनी डिकीच्या तळाशी असल्यामुळे आहेराच्या पिशव्या, लाडवांचे डबे आणि केळीचा घड एवढा संसार प्रथम रस्त्याकडेला मांडावा लागतो, त्यानंतर जॅकचा दांडा फिरू लागतो, आणि गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागतो. उन्हाने भेगाळलेली ही माती वरून टणक दिसते, परंतु गाडीचा भार जॅकच्या तळहाताएवढ्या बुडावर आला की ढेकळे फुटून बूड आत रुतते. म्हणून गाडी शक्यतो रहदारीपासून दूर, सपाट व कडक जागी घ्यावी, हँडब्रेक ओढून तिरप्या कोपऱ्यातील चाकाला दगड लावावा आणि जॅकखाली जाड फळी ठेवावी. फळी कोणीच बरोबर घेत नाही. नवरदेवाला बसवण्यासाठी घेतलेला शिसवी पाट मात्र असतो, आणि त्यावर पुढे विधीच्या वेळी दिसणाऱ्या चौकोनी ठशाचा उलगडा भटजींना अखेरपर्यंत होत नाही. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच टॉमीने, म्हणजे नट फिरवण्याच्या दांड्याने, अर्धा फेरा सैल करावेत, कारण अधांतरी चाक टॉमीबरोबर स्वतःच फिरू लागते. बसवताना ते समोरासमोरच्या जोडीने आवळावेत, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. एरंडोल हीच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या भागातील श्रद्धा असून बकासुराकडे गाडाभर अन्न घेऊन भीम येथूनच निघाला असे सांगतात. त्या गाड्याचे चाक वाटेत बसल्याची नोंद व्यासांनी केलेली नाही. पण ते बसले असते तरी भीम बरोबर होता, जॅकचा प्रश्न उद्भवत नव्हता.

एरंडोल आणि पारोळा यांच्या दरम्यान तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागतो आणि प्रवासाचा सर्वांत विद्वत्तापूर्ण भाग सुरू होतो. येथे शास्त्र असे सांगते की ए.सी. बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण हीटर म्हणजे इंजिनातील गरम द्रव डॅशबोर्डमागील छोट्या जाळीतून फिरवून त्याची उष्णता गाडीत सोडणारी योजना असून तिच्यामुळे इंजिनाचा तेवढा भार हलका होतो. शास्त्र बरोबर आहे. पण मे महिन्यात, पैठण्या नेसलेल्या चार बायकांच्या तोंडावर हीटर सोडणाऱ्या माणसाला त्याच्या हयातीत कोणी शास्त्रज्ञ म्हटल्याचे ऐकिवात नाही. साहजिकच गाडी कडेला उभी राहते, बोनेट उघडते आणि निर्मनुष्य भासणाऱ्या शिवारातून माणसे प्रकट होतात. ‘काय व्हयनं जिभाऊ?’ हा पहिला प्रश्न असतो, जिभाऊ हे अहिराणीतील आदराचे संबोधन होय, आणि उत्तराची वाट न पाहता उपस्थितांचे तीन पंथ पडतात.

पहिला पंथ ओल्या फडक्याचा. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर यांच्या काळात इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची उन्हाने वाफ होई, वाफेमुळे कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नसे आणि पंपावर ओले फडके टाकले की गाडी पुन्हा चालू लागे. उपाय अस्सल होता, पण आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत बुडालेला असल्याने गळ्यातला रुमाल भिजवून आलेला म्हातारा तो ठेवायला जागा शोधत बोनेटभोवती प्रदक्षिणा घालतो. दुसरा पंथ रेडिएटरचे टोपण ताबडतोब उघडून पाणी ओतण्याचा, आणि हाच खरा धोक्याचा. टोपणाने आत दाब धरलेला असल्यामुळे द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. शिट्टी उतरण्याआधी कुकरचे झाकण उघडले तर जे होते तेच येथे तोंडावर होते, आणि हे तत्त्व गाडीतील बायकांना पाठ असूनही त्यांचा सल्ला विचारण्याची पद्धत नाही. तिसरा पंथ गाडीखाली वाकून पाहतो, तेथे टपटपणारे थेंब दाखवून रेडिएटर फुटल्याचे जाहीर करतो आणि हळद मागतो.

हळदीचा उपाय जुन्या ट्रकवाल्यांचा आहे. पूड पाण्याबरोबर फिरून बारीक छिद्रापाशी अडकते व गळती काही काळ थांबते. मात्र छिद्र आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक हळदीला कळत नसल्याने ती दोन्हीही बुजवते, आणि पुढे मिस्त्रीचे बिल चांगलेच रंगते. प्रस्तुत मोटारीत हळद आहे, पण ती नवरदेवाच्या अंगाला लावून उरलेली, वधूकडे निघालेली उष्टी हळद असून तिची वाटी वरमायेने दोन्ही हातांत धरलेली असते. रेडिएटरला उष्टी हळद चढवल्यास शास्त्रार्थाने नाते कोणाशी जुळते, या मुद्द्यावर वाद रंगला असतानाच एखादा शाळकरी भाचा खाली वाकून तो थेंब बोटावर घेतो. थेंब रंगहीन, गार आणि पातळ असतो. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधील पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, हिरवा किंवा गुलाबी रंग घालून विकले जाते आणि बोटाला बुळबुळीत लागते. तेव्हा हे निव्वळ ए.सी.चे पाणी होय, हवेतील बाष्प थंड जाळीवर जमून ते गळतच असते, आणि त्यासाठी हळद, कुंकू, अक्षता यांपैकी कशाचीही गरज नसते.

मग इंजिन तापले कशामुळे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ज्या पुस्तिकेत आहे ती विड्याच्या पानांखाली दबलेली असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, बखरींपेक्षा अस्सल कागदांवर भर दिला, १९२६ मध्ये धुळ्यात देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तेथे उभे आहे. तरीही धुळ्याच्या दिशेने जाणारा मोटारवाला कंपनीची पुस्तिका बंद ठेवून रस्त्यावरच्या बखरीच प्रमाण मानतो. पुस्तिकेतील तक्ता पाहून शोध घेतला तर क्रम सरळ आहे : इंजिन निवल्यावर बाजूच्या टाकीतील कूलंटची पातळी पाहावी, गाडी सुरू करून ए.सी. लावावा, रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर त्याचा फ्यूज, म्हणजे जास्त वीज आली की वितळून जाणारी बारीक तार, तपासावा, आणि तो शाबूत असेल तर रिलेवर संशय घ्यावा. रिले म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज जोडून देणारी काडेपेटीहून लहान डबी. अनेक गाड्यांत पंख्याची आणि हॉर्नची डबी एकाच क्रमांकाची असते, तेव्हा क्रमांक जुळवून हॉर्नची डबी पंख्याच्या जागी खोचली की पंखा घरघरतो आणि काटा खाली येतो.

शास्त्र येथे जिंकते, पण गाडी मुकी होते. पारोळ्याचा भुईकोट किल्ला ओलांडून मुकटी आणि फागणे येथून जाताना हॉर्नविना मोटार म्हणजे काय, याचा अनुभव ट्रॅक्टर, शेळ्या आणि उलट दिशेने येणाऱ्या फटफट्या देतात. अखेर भाच्याचे अर्धे अंग खिडकीबाहेर येते आणि ‘बाजूले व्हय ना भाऊ!’ या घोषात वरपक्ष धुळ्यात प्रवेश करतो. वाजंत्री आधीच आली असे वाटून वधूपक्ष दाराशी धावतो, आणि हळदीची वाटी न सांडता वधूच्या हाती पडते.

या प्रवासातून निघणारा निष्कर्ष असा की टर्मिनल, चाक, कूलंट, फ्यूज आणि रिले ही घरच्या माणसाची कामे आहेत व त्यांपैकी बहुतेक आदल्या संध्याकाळी उरकता येतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांना मात्र पुतण्याने कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी हात लावू नये, ते मिस्त्रीकडेच न्यावे. हॉर्नचा रिलेही दुसऱ्याच दिवशी नवा घालावा, कारण भाचा कायमचा मिळत नाही. आणि काटा लाल रेघेवर गेल्यास वाचकांनी इंजिन बंद करून निदान अर्धा तास सावलीत बसावे, टोपणाला हात लावू नये. तेवढा उशीर लग्नाच्या मुहूर्ताला एरवीही होतोच.