नावेत राहून क्रेफिश कसा धरावा : यवतमाळ आवृत्ती

पायरी पहिली : क्रेफिश शोधावा. झिंग्याचा दणकट थोरला भाऊ शोभेल असा हा नांग्यांवाला प्राणी गोड्या पाण्यात राहतो. मात्र भारतातल्या एकाही नदीचा तो मूळ रहिवासी नाही. त्यामुळे पुसदपासून वणीपर्यंत ही पायरी कोणालाच ओलांडता येत नाही. उमेदवाराने न खचता पुढची घ्यावी.

पायरी दुसरी : नावेत बिऱ्हाड करावे. इंग्लंडच्या कालव्यांवर हजारो माणसे अरुंद बोटींत संसार करतात. ज्या बोटीला कायमचा धक्का नाही, तिला एका जागी सहसा १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. पैनगंगेवर ही कटकट नाही. उन्हाळा लागला की नाव जागेवरच राहते, मुक्काम हलवते ते पाणी.

इसापूर किंवा बेंबळाच्या जलाशयात पाणी सापडेल. पण तलावांच्या मासेमारीचे ठेके सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा सापळ्याआधी चहापाण्याची तयारी ठेवावी.

पायरी तिसरी : सापळा. इंग्लंडात त्यासाठी सरकारी परवानगी लागते. सापळा ६० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद, याहून मोठा नको. तोंड साडेनऊ सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, नाहीतर पाणमांजर अडकते. यवतमाळात बांबूच्या कामट्यांवर भागवावे. आमिष म्हणून सरकीची ढेप मुबलक आहे, फक्त तिच्यावर म्हशीचा पहिला हक्क असतो.

पायरी चौथी : झिंग्यावर समाधान मानावे. तेही सोपे नाही. गोदावरी खोऱ्यातल्या मोठ्या झिंग्याची पिल्ले खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर वाढतात. तिथून गोदावरी, प्राणहिता, वर्धा असे करत पैनगंगेत शिरायचे, तर वाटेत १८५२ सालापासून धवळेश्वरमचा बंधारा आणि २०१९ पासून मेडीगड्डाचा.

पायरी पाचवी : बाहेरून क्रेफिश आणण्याचा मोह आवरावा. इंग्लंडने १९७०च्या दशकात शेतीसाठी अमेरिकन क्रेफिश आणला. तो निसटला, त्याने काठ पोखरले आणि सोबत आणलेल्या रोगाने तिथला पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश मारला. आता सापळ्यात आलेला अमेरिकन पाहुणा पुन्हा पाण्यात सोडणे तिथे गुन्हा आहे.

पायरी सहावी : आठवडी बाजारातून वाळलेले झिंगे आणून वांग्यात घालावेत. सापळा अंगणात उपडा ठेवावा. खाली कोंबडीची पिल्ले छान राहतात.