दीड तोळ्याचा न्याय

हेरॉइनच्या पुडीला पासपोर्ट लागत नाही, पण तिच्या वजनाचा अर्थ विमानतळागणिक बदलतो. सिंगापुरात शुद्ध हेरॉइन १५ ग्रॅमच्या वर भरलं की तस्कराला फाशी. १५ ग्रॅम म्हणजे सराफाच्या काट्यावर दीड तोळा. एवढ्यात आपल्याकडे सुनेचं समाधान होत नाही, तिथे माणूस जातो. पोर्तुगालात मात्र २००१ पासून स्वतःपुरता दहा दिवसांचा माल खिशात सापडला, तर खटला नाही. समितीपुढे बसायचं, ती आस्थेनं विचारपूस करते. (विकताना सापडलात तर तुरुंग आहेच, हुरळून जाऊ नये.)

आपण सुवर्णमध्य काढला. १९८५च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्यात बसत नाही. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा कोठडीत आणि पान, राज्य सरकारची हरकत नसेल तर, होळीच्या थंडाईत!

१९९८ साली संयुक्त राष्ट्रांनी अमली पदार्थमुक्त जगाची घोषणा दिली, मुदत २००८ची ठेवली. २००९मध्ये व्हिएन्नात बैठक झाली आणि थकलेल्या कर्जदारासारखी ती २०१९पर्यंत वाढवून घेतली. तीही उलटून गेली.