टेकाड, त्रिशूळ आणि द्राक्षांचा घड

“नातू विचारतो, नाशिकला खरं स्टेडियम कधी होणार? मी म्हटलं, का रे बाबा, गोल्फ क्लबचं मैदान काय खोटं आहे?”

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं की निदान अर्धा तास सुटका नाही. मी झाडांचा पाइप खाली ठेवला आणि नळ बंद केला.

“काकू, त्याला झगमगाट हवा. मोठा पडदा, डीजे, हातात चमकणारे पट्टे.”

“ते सगळं बघून आलेय मी. लेकीकडे ह्यूस्टनला गेले होते ना, तेव्हा बेसबॉलला नेलं होतं. खेळातलं ओ की ठो कळलं नाही, पण भिंतीवर आगगाडी होती.”

“स्टेडियममध्ये?”

“अगं हो! यांच्या माणसानं चेंडू थेट बाहेर टोलवला की इंजिन सुटतं. मागं ही एवढाली संत्री. तेव्हा मैदानाला ज्यूसच्या कंपनीचं नाव होतं, म्हणून संत्री. गाडीचं मला काही वावगं वाटलं नाही हं. जुनं रेल्वे स्टेशन होतं तिथं, त्याच्याच इमारतीला लागून मैदान बांधलंय. पण टेकाड! खेळायच्या जागेत, अगदी आत, मुद्दाम उंचवटा केलेला आणि वर झेंड्याचा खांब. म्हणजे पोरानं वर चेंडू बघायचा की खाली पाय? कुठल्या तरी जुन्या मैदानाला असा चढ होता, म्हणून यांनी हौसेनं केला. 2016 चा हंगाम संपल्यावर काढून टाकला म्हणे.”

मी म्हटलं, बॉस्टनला उलटी गोष्ट आहे. तिथलं मैदान 1912 चं. एका बाजूला रस्ता अगदी चिकटून, जागाच नाही. म्हणून तिकडे 37 फूट उंच भिंत. हिरव्या रंगाची. तिला हात लावायचं कुणी नाव काढलं, तर गाव पेटून उठेल.

“तेच तर म्हणतेय मी. गरजेनं केलेलं अंगाला लागतं. हौसेनं चिकटवलेलं सुटून येतं.”

तेवढ्यात व्हरांड्यातून काकांनी पेपर खाली केला. काकांची नोकरी मुंबईत झाली, त्यामुळे वानखेडेवर त्यांचा सातबारा आहे. “वानखेडे म्हणजे भांडणाचं बाळ. ब्रेबॉर्न 1937 चं, क्लबाच्या मालकीचं. तिकिटांवरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं आणि शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान उभं केलं. जानेवारी 1975 ला पहिली कसोटी. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद 242. एक पोरगा अभिनंदन करायला आत धावला, पोलिसांनी त्याला बडवला, झाली दंगल!”

“शेजाऱ्याशी भांडून कुणी भिंत बांधतं, यांनी स्टेडियम बांधलं,” काकू म्हणाल्या आणि आमच्या मधल्या भिंतीवर थोपटलं.

आता वानखेडेवरही नव्या गोष्टी आहेतच. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीचा षटकार जिथं पडला, त्या खुर्च्या जपून ठेवल्यात. मला ते आवडतं. तिथं खरोखर काहीतरी पडलं होतं. सचिनचा पुतळा नोव्हेंबर 2023 मध्ये बसला. नगरच्या प्रमोद कांबळ्यांनी केलेला. आणि दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणायला लागले, हा तर ऑस्ट्रेलियाचा स्मिथ दिसतो! काकूंना अजून हसू आवरत नाही. तरी त्या म्हणतात, पुतळा राहू दे, चर्चगेटला लोकलमधून उतरून पायी जाता येतं, ही त्या मैदानाची निम्मी शोभा आहे.

गहुंज्याचं नाव निघालं आणि काकूंचा सूर चढला. पुण्याच्या संघटनेचं हे मैदान 2012 मध्ये सुरू झालं. लॉर्ड्सचा माउंड स्टँड करणाऱ्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कार्यालयानं त्याचा आराखडा केला. द्रुतगती मार्गावरून फार देखणं दिसतं. पण ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडच्या कसोटीला पहिल्याच दिवशी प्यायच्या पाण्याची बोंब झाली. डोक्यावर ऊन, बऱ्याच स्टँडना छप्पर नाही. लोकांनी घोषणा दिल्या, संघटनेनं माफी मागितली. वर आपण कसोटीही हरलो.

“ऑक्टोबरचं ऊन लंडनच्या माणसाला कसं कळणार?” काकू म्हणाल्या.

“लंडनच्या माणसानं पाणी भरायचं नव्हतं, काकू. ते आपल्याच लोकांचं काम.”

इथं आमचं थोडं वाजलं. कारण मला झगमगाट सरसकट वाईट वाटत नाही. रात्री सगळं स्टेडियम मोबाइलचे दिवे हलवतं, तेव्हा मीही हलवते. माझी तक्रार एवढीच की दोन चेंडूंच्या मधली शांतताच कुणाला सोसत नाही. गोलंदाज मागं वळला की लगेच ढोल. सामना रटाळ झाला की बघणाऱ्यानं काय करायचं, हे खरं मैदान आपलं आपण सांगतं.

गोल्फ क्लबवर मी ते पाहिलंय. जानेवारी 2025, बडोद्याविरुद्ध रणजी, आपला कर्णधार ऋतुराज गायकवाड. मी दोरापासून इतकी जवळ होते की “वेट ऑन, वेट ऑन” हे फलंदाजाचं ओरडणं थेट ऐकू येत होतं. बॅटला लागलेला चेंडू आणि पॅडला लागलेला चेंडू नुसत्या आवाजावर ओळखता येतो, हे टीव्हीवाल्यांनी आपल्याला विसरायला लावलंय. माझ्या बाजूचे एक आजोबा भेळभत्त्याचा पुडा मांडीवर ठेवून कव्हरच्या क्षेत्ररक्षकाला “जरा डावीकडे सरक” म्हणाले. तो खरंच सरकला! आजोबांनी मग दिवसभर कुणाशी नीट बोलणं केलं नाही. महाराष्ट्रानं तो सामना चारशेहून जास्त धावांनी जिंकला. सत्यजित बच्छाव, रामकृष्ण घोष ही मुलं आपल्या नाशिकचीच, त्यामुळे इथं “अमक्याचा मुलगा” म्हणून टाळ्या पडतात.

“आणि नाव कुणाचं? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान!” काका पुन्हा. “1909 मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या पोरानं. ज्यूस नाही विकला.”

“पण म्हणतात गोल्फ क्लबच,” मी म्हटलं. काका परत पेपरात.

“वाराणसीला नवीन करतायत ना,” काकू म्हणाल्या, “दिव्यांचे खांब त्रिशुळासारखे, छप्पर चंद्रकोरीचं. बघ, आपल्याकडे झालंच तर दिवे द्राक्षाच्या घडासारखे करतील.”

“आणि चौकार गेला की घडातून रस गळेल!”

“गळू दे. कुंभाच्या गर्दीत काय काय पाहिलंय आपण. मला फक्त एक सांग, बायकांचं बाथरूम कुठं असेल? एका मोठ्या मैदानावर, नाव नाही घेत, सासूबाईंना घेऊन तीन मजले उतरले आणि दाराला कुलूप. किल्लीवाला म्हणे मॅच बघतोय.”

“मग?”

“मग काय! त्याला शोधायला निघाले, तेवढ्यात विकेट पडली. एवढे पैसे मोजून मी बघितली कुठे? जिन्यातल्या टीव्हीवर. तू आधी नळ सुरू कर, तुझी ती मोगऱ्याची कुंडी कोरडी पडलीय.”