घारापुरीचा तिसरा रकाना

पनवेल उपविभागातल्या उरण तालुक्याच्या घारापुरी बेटावर समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. शाळा डिजिटल करण्याचा आग्रह धरणारा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम मात्र २०१५ मध्येच, बेटावरचा जनरेटर संध्याकाळी तीनेक तास धडधडत असतानाच, जाहीर झाला होता, आणि सॉकेटच्या आधी परिपत्रक पोहोचवण्याची ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगीच म्हणावी लागेल. ई-लर्निंगमध्ये, म्हणजे पडद्यावरून होणाऱ्या अध्यापनात, शिक्षकाला भरती-ओहोटी पाहून लाँच गाठावी लागत नाही. हेच तर्कशास्त्र पुढे नेऊन हजेरीपटात ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ यांच्या जोडीला ‘चार्जिंगला’ असा तिसरा रकाना आखल्यास गळती, म्हणजे मुलांचे शाळा सोडणे, त्याच दुपारी शून्यावर येईल.