मृत्यूचा उतार, टी-शर्टासकट

बोलिव्हियातला जुना युंगास रस्ता म्हणजे 'मृत्यूचा रस्ता'. ला पाझजवळच्या ला कुंब्रे खिंडीतून, सुमारे 4,650 मीटर उंचीवरून निघालेली सायकल साठेक किलोमीटरांत 1,200 मीटरवर येते. 1930च्या दशकात चाको युद्धात पकडलेल्या पराग्वेच्या कैद्यांना हा रस्ता बांधायच्या कामाला जुंपले होते; त्यांच्याकडून स्वखुशीचा कागद कोणी लिहून घेतला नसावा. 1995 मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने त्याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता ठरवले, आणि पर्यटनाला फुकटात जाहिरात मिळाली. देशभर उजवीकडून चालणारी वाहने इथे डावीकडून जातात, म्हणजे उतरणाऱ्या चालकाला आपले बाहेरचे चाक दरीपासून किती बोटे आहे ते दिसते. 2006 मध्ये नवा रस्ता झाला, ट्रक-बस तिकडे वळल्या.

आता उतरतो तो 'स्वतंत्र' साहसवीर: पुढे वाटाड्या, मागे व्हॅन, गुडघ्याला पॅड. खिंडीपर्यंतचा चढ व्हॅनच चढते. खाली पोचल्यावर जेवण आणि जिवंत राहिल्याचा टी-शर्ट. काठावरचे क्रूस बहुतेक बस-ट्रकमधल्या लोकांचे. काही सायकलवाल्यांचेही आहेत.