पेशंट कोण आहे?

धाराशिवच्या माणसाला प्रवासाची तीनच कारणं मान्य आहेत : देव, लग्न आणि दवाखाना. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट देवात बसतात. लग्नाला माणूस नांदेडपर्यंतसुद्धा जातो आणि जेवून रात्रीत परत येतो. दवाखान्याला सोलापूर आहेच. पण नुसतं गाणं-बजावणं म्हणून कुणी पिशवी भरून गाव सोडलंय, असं आमच्या गल्लीत तरी ऐकिवात नव्हतं. सप्त्यातल्या भजनाला जातात लोक, पण ते देवाच्या खात्यात धरतात.

त्यामुळं "शनिवारी मिरजेला जाऊन यावं म्हणतोय" असं मी सहज बोललो, तेव्हा शेजारच्या काकूंच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

"अगं बाई! कुणाचं काय दुखायलंय?"

मिरज म्हणजे दवाखाना, ही समजूत उगाच झालेली नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, आणि तेव्हापासून अर्धा महाराष्ट्र आणि बराचसा कर्नाटक मिरजेत पोट-पाठ दाखवून आला. "मिरजेला नेलंय" एवढं म्हटलं की आमच्याकडं ऐकणारा पुढचं विचारत नाही. नुसती मान हलवतो.

मी समजावून सांगितलं. आजारी कुणी नाही, सतारमेकर गल्ली बघायची आहे. तंबोरे कसे करतात ते बघू, मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीवर फुलं वाहू, कुठं गाण्याची बैठक असली तर ऐकू आणि रविवारी परत. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं, नका सांगू. पण फार मोठं काही नाही ना?"

संध्याकाळपर्यंत बातमी दूधवाल्यापर्यंत गेली. त्यानं माप सांडेपर्यंत भरलं. समोरच्या मास्तरांनी माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली आणि दारापर्यंत आणून दिली. "वजन उचलू नका" हे वर. बायकोला बाया विचारायच्या, "जेवण जातंय का त्यांना?" आणि ती खरं तेच सांगायची, की काल तीन भाकरी खाल्ल्या. बाया हळहळायच्या. म्हणायच्या, शेवटी शेवटी भूक वाढते.

मुळात बेत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांच्या भजनी मंडळाची वीणा वर्षभर आजारी आहे. सप्त्यात ही वीणा अहोरात्र कुणा ना कुणाच्या गळ्यात लागते, खाली ठेवायची नसते. मागच्या सप्त्यात पहाटेच्या पाळीला वीणेकऱ्याला डुलकी लागली आणि भोपळा खांबाला थडकला. टाळूपासून हनुवटीपर्यंत जावा तसा तडा गेला. मंडळातल्या एका सुतारानं मोठ्या भक्तिभावानं त्यात लाकडाची लांबी भरली आणि वरून पिवळा रंग दिला. तेव्हापासून तार छेडली की बंद दारामागून कुणी खोकल्यासारखा आवाज येतो. अण्णा म्हणाले, ही मिरजेची, मिरजेलाच न्यायची. आता ती चादरीत गुंडाळून बाजेवर आडवी ठेवली आहे, आणि चौकशीला येणारे लोक दारातूनच तिच्याकडं बघून चपला काढतात.

मिरजेचा हा वाद्यं घडवायचा धंदा लढाईच्या हत्यारांतून निघाला, हे मला फार आवडतं. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारी माणसं. संस्थानांच्या लढाया थंडावल्यावर धार लावायला काही उरेना. तेव्हा, साधारण 1850 च्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा दुरुस्त करता करता तो नव्यानं घडवायलाही घेतला. त्यांच्या घराण्यानं पुढं सतारमेकर हेच आडनाव लावलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. यात आमच्या बाजूचा वाटा म्हणजे भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून जातो. कडू असतो, भाजीला चालत नाही, म्हणून गाण्यात गेला.

तारीख ठरवणं मात्र वीणा जुळवण्यापेक्षा अवघड निघालं. मिरजेत गाण्याचे मोठे दिवस दोन. एक नवरात्रात अंबाबाईच्या देवळात, दुसरा मिरासाहेबांच्या उरुसात. नवरात्रात धाराशिव जिल्ह्यातल्या माणसानं घर सोडायचं म्हणजे घरच सोडायचं. आमच्याकडं त्या दिवसांत तुळजापूरला निघालेले नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे असे थर लागतात. गाद्या कमी पडतात, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नाही. त्यात सोयाबीन काढायला आलेलं असतं. उरुस यंदा पुतणीच्या हळदीला येऊन भिडला. शेवटी दोन्ही मोठे दिवस टाळून, जेव्हा मिरजेत काहीच नसेल तेव्हा गाणं ऐकायला जावं, असं एकमतानं ठरलं.

मग जायचं कसं? मेहुणा म्हणाला, तुळजापूर-सोलापूर-मंगळवेढा-सांगोला असा रत्नागिरीचा महामार्ग झालाय, गाडीनं सरळ जाऊ. अण्णांना रेल्वेच हवी. बार्शी लाईटच्या चिमुकल्या गाडीत ते येडशीला बसलेले आहेत. ती बार्शीला आली 1897 साली, लातूरला 1911 मध्ये, मिरजेला 1927 मध्ये. आमच्या शहराला मात्र ती वळसा घालून जायची. रूळ रुंद झाले तेव्हा कुठं गाडी आमच्या दारात आली. "आयुष्यभर तिच्यासाठी येडशीला गेलो," अण्णा म्हणाले, "आता ती आलीय तर मी रस्त्यानं जाऊ?" यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. नागपूर-कोल्हापूर गाडी कुठल्या वारी असते आणि मिरजेला किती वाजता टाकते, ते बघायचं काम मेहुण्यावर आलं. तो आमच्याशी चार दिवस बोलला नाही.

एवढ्यात काकू आल्या. मोसंबी, शहाळं आणि त्यांच्या दिरांचा एक्स-रे घेऊन.

"जाताच आहात तर हेही दाखवून या."

मी चिडलो. म्हटलं, काकू, आम्ही संगीतासाठी चाललोय, संगीतासाठी! तेव्हा बाजेवरून अण्णा बोलले. आधी घसा खाकरला, म्हणजे आता लांबणार.

"चिडतोस कशाला? विष्णू दिगंबर पलुसकर मिरजेला गाणं शिकायला गेले असं वाटतं तुला? लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, म्हणून औषधपाण्याला नेलं. डोळे काही बरे झाले नाहीत, म्हणून डॉक्टर भडभडे म्हणाले, याला गाणं शिकवा. मग बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं पाठवलं. बालगंधर्व? कानानं कमी ऐकू यायचं. शाहू महाराजांनी उपचाराला मिरजेला धाडलं, आणि 1905 मध्ये पोरगं किर्लोस्कर मंडळीत. खाँसाहेब तरी काय? प्लेगातून या दर्ग्यामुळंच उठले असं सांगतात, म्हणून मिरजेतच राहिले. 1937 ला मद्रासकडं वारले, तर दफनाला मिरजेलाच आणलं."

काकू विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघत होत्या. अख्खं मिरजेचं संगीत ओपीडीतून आलंय, असं एकदा सिद्ध झाल्यावर एक्स-रे नको म्हणायला तोंड उरलं नाही. तो वीणेच्या चादरीत गेला. मास्तरांची शुगरची फाईल त्याच रात्री आली.

राहिलं राहायचं. दर्ग्याच्या जवळपासच्या एका लॉजचा नंबर मिळाला. फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न, "पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?"

"पेशंट नाही हो."

"मग दाखवायचंय का अजून? पेशंट चालता आहे की खालची खोली देऊ?"

"अहो, पेशंट नाहीच. आम्ही नुसतं ऐकायला येतोय."

पलीकडं माणूस जरा थांबला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मग काळजी नको. कानाचे डॉक्टर आमच्या समोरच बसतात. शनिवारी बारापर्यंत."

फोन स्पीकरवर होता. अण्णा म्हणाले, "नंबर लावून ठेव म्हणावं."